मार्गस्थ माल : हैदरअली आणि माहे बंदर

गेल्या वर्षी पुस्तपालनाच्या तासाला सरांनी 'मार्गस्थ माल' ही संज्ञा समजावून सांगितली. मुख्य कचेरीने शाखेकडे माल रवाना केला आणि तो शाखेच्या नावे लिहिला. परंतु वर्षअखेरीस तो शाखेत पोचलाच नाही, म्हणून शाखेच्या वहीत त्याची नोंद नाही. असा वाटेवरचा माल कोणाचा धरायचा? नोंद कशी करायची ते सरांनी फळ्यावर लिहून दिले आणि आम्ही उतरवून घेतले. त्याच आठवड्यात ग्रंथालयातून आणलेले म्हैसूरच्या इतिहासाचे एक कानडी पुस्तक मी वाचत होतो. त्यात माहे नावाच्या एका चिमुकल्या फ्रेंच बंदराची हकीकत आली. त्या बंदरातून हैदरअलीची शस्त्रे जात. वाटेवरच्या त्या मालावरून जो तंटा पेटला, त्याचे रूपांतर चार वर्षांच्या युद्धात झाले. फळ्यावरच्या दोन ओळींनी सुटणारा तो प्रश्न नव्हता.

माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात हैदर येई तो थोरल्या माधवराव पेशव्यांकडून पराभूत होण्यासाठी. दोन-तीन स्वाऱ्या, एक तह, खंडणीचा आकडा, आणि हैदर पानाआड जाई. आजोबा तर त्याला अजूनही 'हैदर नाईक' म्हणतात, आणि ते काही आदराने नव्हे. महाविद्यालयात माझ्या शेजारी बसणारा कानडी मित्र मात्र हैदरविषयी बोलू लागला की त्याचे डोळे चमकतात; आणि त्याच्याच घरात, म्हैसूरच्या वाडियार राजांवर निष्ठा असलेल्या त्याच्या मामांना हैदर हा राज्य बळकावणारा चाकर वाटतो. एकाच माणसाचे हे तीन हैदर पाहून मी गोंधळलो. इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. तरीही वाणिज्याच्या विद्यार्थ्याला त्याच्या चरित्रात काही सापडते का, हे पाहावे म्हणून हा लेख लिहायला घेतला.

हैदरचा जन्म १७२० च्या सुमारास आजच्या कोलार जिल्ह्यातील बुदीकोटे येथे झाला. वडील फतेह महंमद शिऱ्याच्या नवाबाच्या नोकरीत होते. ते लढाईत पडले तेव्हा हैदर अगदी लहान होता. वडिलांच्या मागे राहिलेल्या देण्यासाठी सुभेदाराच्या मुलाने हैदरला व त्याच्या थोरल्या भावाला नगाऱ्यात कोंडले आणि वरचे चामडे आवळून पैसे वसूल केले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, कर्जाची वसुली कशी असते याचा धडा त्याला फार लवकर मिळाला एवढे खरे. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. एकाच वेळी अनेकांचे बोलणे ऐकत तो हिशेब घेई आणि चुकलेला आकडा नेमका पकडी, असे त्याला पाहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे.

१७४९ मध्ये देवनहळ्ळीच्या वेढ्यात त्याचे शौर्य म्हैसूरच्या कारभाऱ्यांच्या नजरेत भरले आणि त्याला थोडे स्वार व पायदळ मिळाले. त्या वेळी म्हैसूरच्या गादीवर वाडियार राजे होते, पण सत्ता दळवाई बंधूंच्या हाती होती. १७५० नंतरच्या वर्षांत त्रिचनापल्लीपुढे इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांशी लढत होते. म्हैसूरची फौजही तेथे होती. थोडेसे कवायती पायदळ एका सुरात बंदुका झाडून मोठ्या जमावाला कसे थोपवते, हे हैदरने तेथे डोळ्यांनी पाहिले. पुष्कळांनी ते पाहिले होते. फरक इतकाच, की १७५५ मध्ये दिंडिगलचा फौजदार होताच त्याने फ्रेंच कारागीर आणून स्वतःचा शस्त्रांचा कारखाना उभारला.

पुढे १७६० मध्ये त्याचाच कारभारी खंडेराव त्याच्यावर उलटला. खंडेराव दक्षिणी ब्राह्मण, हिशेबात निष्णात. त्याने मराठी फौजेची मदत घेतली आणि हैदरला श्रीरंगपट्टणातून रातोरात पळावे लागले. पण जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले आणि पेशव्यांचा दक्षिणेतील जोर ओसरला. हैदरने डाव उलटवला. खंडेरावाला पोपटासारखा सांभाळण्याचे आश्वासन त्याने राणीवशाला दिले आणि ते अक्षरशः पाळले, म्हणजे त्याला लोखंडी पिंजऱ्यात ठेवून दूधभात खायला घातला, असे सांगतात. आजोबांचा राग अगदीच निराधार नाही हे येथे मान्य केले पाहिजे. राजा गादीवर राहिला. राज्य हैदरचे झाले.

म्हैसूर हे तोवर डोंगरावरचे राज्य होते. त्याला समुद्र नव्हता. १७६३ मध्ये हैदरने बिदनूर जिंकले, आणि त्या अपार संपत्तीच्या नगराबरोबर त्याच्या हाती होन्नावर, मंगळूर ही बंदरे आली. वयाच्या चाळिशीनंतर हा माणूस किनाऱ्यावर आला आणि आल्याबरोबर जहाजे बांधू लागला. सोंध्याचा राजा याच सुमारास राज्य सोडून गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाला गेला. गोव्याच्या नव्या काबिजादींपैकी बराच मुलूख अशा रीतीने पोर्तुगीजांकडे गेला, म्हणजे हैदरच्या स्वारीचे पडसाद थेट फोंड्यापर्यंत पोचले होते. १७६६ मध्ये तो मलबारात उतरला. कालिकतच्या सामुतिरी राजाने शरण येण्याऐवजी वाड्याला आग लावून स्वतःला जाळून घेतले.

हैदरला समुद्र कशासाठी हवा होता? मिरी, चंदन, वेलदोडे, तांदूळ हा माल त्याच्या मुलखात होता. बंदुका, शिसे, तोफा, गंधक आणि त्या वापरणारी माणसे हा माल बाहेरून यायचा होता. मुंबईकर इंग्रजांशी त्याने बोलणी केली त्यांतही एका हाताने मिरी-चंदन देऊन दुसऱ्या हाताने युद्धसाहित्य मागण्याचा त्याचा क्रम दिसतो. पण इंग्रज हा गिऱ्हाइकाला तोलूनमापून माल देणारा व्यापारी होता. १७६८ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी मंगळूर घेतले आणि त्याचे कोवळे आरमार हातचे गेले. मंगळूर त्याने काही महिन्यांत परत मिळवले, परंतु स्वतःच्या बंदरावर भिस्त ठेवता येत नाही हे त्याला कळून चुकले.

१७६९ च्या वसंतात सहा हजार निवडक स्वार घेऊन त्याने साडेतीन दिवसांत १३० मैल तोडले आणि मद्रासच्या वेशीशी येऊन उभा राहिला. घाबरलेल्या मद्रासकर इंग्रजांनी तह केला. दोघांपैकी कोणावरही परचक्र आले तर दुसऱ्याने मदत करावी, असे एक कलम त्यात होते. दोनच वर्षांनी, मार्च १७७१ मध्ये, त्रिंबकराव मामा पेठ्यांनी मोती तलावाजवळ हैदरचा दारुण पराभव केला. हीच ती आमच्या शाळेतली लढाई. हैदरने तहाप्रमाणे इंग्रजांकडे मदत मागितली. ती आली नाही. शाळेच्या पुस्तकात हे कलम नव्हते, आणि त्यामुळे हैदरच्या पुढच्या आयुष्यातील राग कोठून आला हेही नव्हते. दिलेला शब्द न पाळणाऱ्या पेढीकडे कोणता व्यापारी पुन्हा जाईल? हैदर फ्रेंचांकडे वळला.

येथे माहे येते. उत्तर केरळात, माहे नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर वसलेले हे बंदर १७२० च्या दशकात फ्रेंचांनी मिळवले होते. त्याचे क्षेत्र जेमतेम नऊ चौरस किलोमीटर. उत्तरेला अवघ्या दोन-तीन कोसांवर तेल्लिचेरी, म्हणजे आजची तलश्शेरी. तेथे इंग्रजांची वखार. दोघांचाही धंदा मिऱ्यांचा, दोघांचीही गिऱ्हाइके आणि दलाल तेच, आणि १७६६ नंतर दोघांच्याही पाठीमागचा सारा मुलूख हैदरचा किंवा त्याच्या मांडलिकांचा. १७६१ मध्ये इंग्रजांनी माहे एकदा जिंकले होते. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने ते फ्रेंचांना परत मिळाले.

फ्रेंच जहाजाने फ्रेंच बंदरात फ्रेंच माल उतरवला, तर शांततेच्या काळात त्याची झडती घेण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. बंदुका आणि दारूगोळा माहेला उतरे. तेथून मलबारातून, घाट चढून, तो श्रीरंगपट्टणाकडे जाई. मालाबरोबर कधी फ्रेंच गोलंदाज, कधी कारागीरही जात. पावसाळ्याचे महिने किनारा बंद असे. उरलेल्या उघाडीच्या हंगामात हे सगळे उरकायचे. मंगळूर हैदरचे होते तरी तेथे इंग्रजांचा हात पोचला होता. माहेवर मात्र फ्रान्सच्या राजाचे निशाण होते. हैदरला माल तर हवाच होता, त्याहून अधिक हवे होते ते हे निशाण.

आता माहेच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खुर्चीत आपण बसून पाहू. त्याच्याकडे शिबंदी थोडी. पाँडिचेरी दूर, फ्रान्स त्याहून कितीतरी दूर. हैदरने मनात आणले तर मिरीचा एक दाणाही त्याच्या वखारीत येणार नाही. म्हणून हैदरचा माल जाऊ द्यावा हे शहाणपणाचे. परंतु जो जो माल जाईल तो तो दोन कोसांवरच्या इंग्रजांच्या डोळ्यांवर येणार. माल अडवला तर हैदर रागावणार आणि बंदर उपाशी मरणार. माल सोडला तर इंग्रज येणार आणि बंदर जाणार. ज्या व्यवहारामुळे बंदराला संरक्षण मिळत होते, त्याच व्यवहारामुळे त्याच्यावर हल्ला ओढवणार होता. शांतता होती तोपर्यंत व्यापाराची सबब पुढे करता येत होती. युद्ध सुरू झाल्यावर ती सबबही उरणार नव्हती.

तेल्लिचेरीच्या इंग्रजांची स्थितीही फारशी सुखाची नव्हती. कागदावर हैदर त्यांचा मित्र होता. त्यांचीही मिरी हैदरच्याच मुलखातून येई. माहे बंद करावे तर हैदरशी वैर, आणि त्या वैराची पहिली झळ आपल्याच वखारीला. उघडे ठेवावे तर त्या बंदुका उद्या आपल्यावरच रोखल्या जाणार. शेजारचे छोटे राजे आणि नायर सरदार यांना तर कोणी विचारीतच नव्हते. हैदरच्या खंडणीने ते पिळले होते. तोही माल त्यांच्याच वाटांनी जात होता.

हा पेच हिंदुस्थानात सुटला नाही; तो दूर अमेरिकेत तुटला. तेथील वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड केले होते आणि १७७८ मध्ये फ्रान्स त्यांच्या बाजूने युद्धात उतरला. बातमी येताच इंग्रजांनी हिंदुस्थानातील फ्रेंच ठाणी एकामागून एक घेतली. ऑक्टोबर १७७८ मध्ये पाँडिचेरी पडली. उरले एक माहे. हैदरने मद्रासला कळवले, की माहे आपल्या मुलखात आहे, आपल्या संरक्षणाखाली आहे. त्याला हात लावाल तर आपण कर्नाटकावर, म्हणजे अर्काटच्या नवाबाच्या मुलखावर, चालून येऊ. त्याने आपली माणसे माहेच्या बचावास पाठवली आणि फ्रेंच निशाणाशेजारी म्हैसूरचे निशाण फडकले. आसपासच्या राजांपैकी काही त्याच्या हुकुमाने फ्रेंचांच्या मदतीस आले, तर काही संधी साधून इंग्रजांकडे झुकले. कर्नल ब्रेथवेटची फौज येऊन ठेपली. १९ मार्च १७७९ रोजी माहे इंग्रजांच्या स्वाधीन झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी तेथील तटबंदी उद्ध्वस्त केली आणि ते ठाणे सोडून दिले. म्हणजे त्यांनाही ते बंदर नको होते. त्यातून जाणारा माल तेवढा थांबायला हवा होता.

युद्धाचे कारण एकटे माहे होते असे मी म्हणणार नाही. १७७१ चा विश्वासघात होता. निजामाचा भाऊ बसालतजंग याच्याकडून इंग्रजांनी गुंटूर घेतले आणि हैदरच्या मुलखातून त्याला न विचारता फौज नेण्याचा घाट घातला, तेही होते. मद्रासच्या गव्हर्नराने श्वार्ट्झ नावाच्या सज्जन जर्मन पाद्र्याला श्रीरंगपट्टणास पाठवून हैदरचे मन पाहिले. हैदरने पाद्र्याचा आदर केला, पण त्याला पाठवणाऱ्यांवर विश्वास ठेवला नाही. तरी या साऱ्या तक्रारींत माहेची तक्रार त्याला विशेष लागली असावी, कारण तेथे त्याचे निशाण सर्वांदेखत उतरवले गेले होते.

याच वेळी पुण्यातही इंग्रजांविरुद्ध राग धुमसत होता. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रज फौजेला शरण यायला लावले होते आणि राघोबादादांचा पक्ष घेणाऱ्या इंग्रजांशी लढाई चालूच होती. नाना फडणीसांनी जुने वैर बाजूला ठेवून हैदरकडे वकील पाठवले. पेशवे, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले अशी चौकडी जमली. कृष्णेच्या दक्षिणेचा जिंकलेला मुलूख हैदरकडे राहू देण्यास पुणे दरबार तयार झाला. ज्याच्याशी माधवराव आयुष्यभर लढले, त्याच्या बंदुका आता नानांनाही हव्याशा वाटू लागल्या! हे वाचल्यावर मी माझ्या कानडी मित्राला सांगितले, की तुमचा हैदर आणि आमचा हैदर काही काळ तरी एकाच वहीत जमेला होता.

जुलै १७८० मध्ये सुमारे ऐंशी-नव्वद हजारांची फौज घेऊन हैदर घाट उतरला. १० सप्टेंबरला कांचीपुरमजवळ पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची तुकडी त्याने व टिपूने पार बुडवली. दारूगोळ्याच्या गाड्यांनी पेट घेतला आणि इंग्रजांचा व्यूह फुटला. जवळच असलेला सेनापती मन्रो आपल्या तोफा तळ्यात ढकलून मद्रासला परतला. हिंदुस्थानात इंग्रजांची इतकी मोठी हार तोवर झाली नव्हती. परंतु या विजयाच्या मागे जळलेली गावे होती. इंग्रजांना दाणागोटा मिळू नये म्हणून हैदरने कर्नाटकाचा मोठा पट्टा उजाड केला. तेथील कुणब्याने ना माहे पाहिले होते, ना मद्रासच्या तहाचे कलम. त्याचा खर्च कोणाच्या नावे टाकायचा, हे मला अजून कळलेले नाही.

पुढे समुद्राने हैदरचा हिशेब चुकवला. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज दर्यासारंग ह्यूजने मंगळुरात त्याची जहाजे नष्ट केली. तेल्लिचेरीला त्याच्या सरदारखानाने घातलेला वेढा इंग्रजांनी समुद्रमार्गे मदत आणून दीड वर्ष सोसला आणि जानेवारी १७८२ मध्ये मोडून काढला. सर आयर कूट याने १ जुलै १७८१ रोजी पोर्टो नोव्हो येथे त्याला हरवले. कूटच्या फौजेचे अन्न आणि दारूगोळा जहाजांतून येत होता. फ्रेंच आरमार सुफ्रेनच्या हाताखाली १७८२ मध्ये आले, थोडे सैन्यही उतरले, पण उशिरा आणि अपुरे. मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठे युद्धातून बाहेर पडले. नानांनी त्या तहावर मोहोर करण्यास चालढकल केली, पण हैदर एकटा पडायचा तो पडलाच. जमिनीवर इंग्रजांचे काहीही तो बुडवू शकत होता. समुद्र मात्र त्याच्या आवाक्याबाहेर होता, आणि ही जाणीव त्याला अखेरीस झाली होती असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरजवळच्या छावणीत पाठीवरील राजपुळीने त्याचा अंत झाला. टिपू तेव्हा मलबारात इंग्रजांशी लढत होता. फौजेत फूट पडू नये म्हणून पूर्णय्या आणि कृष्णराव या कारभाऱ्यांनी मृत्यू गुप्त ठेवला. देह सुगंधी पूड भरलेल्या पेटीत ठेवला आणि खजिना चालला आहे असे भासवून पहाऱ्यात कोलारकडे रवाना केला. वाटेत कोणालाही संशय आला नाही. तेथून पुढे तो श्रीरंगपट्टणास नेण्यात आला.

१७८३ च्या तहाने माहे पुन्हा फ्रेंचांकडे गेले. त्यानंतरही ते इंग्रजांकडे गेले, परत आले, आणि अखेर जुलै १९५४ मध्ये फ्रेंचांनी ते सोडले. आज ते पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे.

सहलीत आम्ही श्रीरंगपट्टणचा गुंबज पाहिला. काळ्या चकचकीत खांबांच्या ओवरीत उभे राहून माझा कानडी मित्र आणि मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. आत हैदर, त्याची पत्नी आणि टिपू शेजारी शेजारी आहेत. हैदरने क्रौर्य केले, पराक्रम केला, मालकाचे राज्य घेतले आणि ते अनेक पटींनी वाढवले. या चारही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांची वजाबाकी करून एक शिल्लक आकडा काढण्याचा नाद मी आता सोडला आहे. परंतु माहेची गोष्ट मात्र मनातून जात नाही. आपण नुसते दार उघडतो, आत काय जाते याच्याशी आपला संबंध नाही, असे त्या बंदराला काही वर्षे म्हणता आले. बंदुकांच्या पेट्या धक्क्यावर उतरल्या त्याच दिवशी ते बंदर युद्धात ओढले गेले होते. एवढेच, की ते त्याच्या वहीत लिहिले गेले नव्हते.

लेख तयार झाल्यावर तो मराठी विभागात द्यावा की कानडी, असा प्रश्न संपादक मंडळातील सरांनी विचारला. हा मराठीत दिला आहे. मित्र त्याचा कानडी अनुवाद करतो आहे, आणि मामांना वाचून दाखवण्याचे धाडसही तोच करणार आहे. आजोबांना मी माझ्या तोंडाने वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी चष्मा पुसला आणि मोती तलावाच्या लढाईला एवढीच जागा का दिली, असे विचारले.